‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कोहिमा येथील शिळा व एका न्यासाचे कार्य

१

स्मारकांचा विचार आपल्याकडे बहुधा इतिहासकार करतात किंवा कलासमीक्षक करतात. भाषेच्या अभ्यासकाने तिकडे वळावे असे सहसा घडत नाही. वस्तुतः स्मारक ही एक उक्तीच असते. तिला वक्ता असतो, श्रोता असतो, आणि जिच्यावाचून तिचा अर्थ लागत नाही अशी एक परिस्थितीही असते. सामान्य उक्तीत आणि हिच्यात भेद इतकाच, की येथे वक्ता मृत असतो आणि श्रोता अनिश्चित असतो. यामुळे कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हे तीन प्रश्न स्मारकाच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उभे राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कोहिमा येथे लढलेल्या ब्रिटिश सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनमधील माजी सैनिकांनी, लढाईच्या साठाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे २००३-०४ मध्ये, ‘कोहिमा एज्युकेशनल ट्रस्ट’ या नावाचा एक धर्मादाय न्यास इंग्लंडमध्ये स्थापन केला. आपल्या डिव्हिजनचा वारसा जतन करण्यासाठी त्यांनी जो मार्ग निवडला तो अशा संस्थांच्या नेहमीच्या मार्गाहून वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणाचे स्वरूप भाषिक विश्लेषणाने अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सेनेने ब्रह्मदेशातून मणिपूर व नागा टेकड्या यांवर चाल केली. दिमापूर-इंफाळ रस्त्यावरील कोहिमा हे ठाणे घेण्याचे काम सेनापती सातो यांच्या एकतिसाव्या डिव्हिजनकडे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोहिमाला वेढा पडला. आतील लढाऊ शिबंदी सुमारे दीड हजारांची होती. तीत रॉयल वेस्ट केंट पलटणीची एक बटालियन, आसाम रेजिमेंट व आसाम रायफल्स यांचे जवान होते. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढील टेनिसच्या मैदानाच्या दोन बाजूंना दोन सैन्ये समोरासमोर ठाकली होती. २० एप्रिलच्या सुमारास वेढ्यातील शिबंदीची सुटका झाली. त्यानंतर जनरल ग्रोव्हर यांच्या दुसऱ्या डिव्हिजनने एकेक टेकडी लढून घेतली, आणि २२ जून रोजी इंफाळचा रस्ता मोकळा झाला.

या डिव्हिजनचा आपल्या प्रदेशाशी एक संबंध आहे, तो येथे नोंदणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९४२ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर तिचा तळ तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात होता, आणि तेथूनच ती आगगाडीने दिमापूरकडे रवाना झाली. दुसरा संबंध याहून निकटचा आहे. कोहिमाला वेढा पडण्यापूर्वी, २२ ते २६ मार्च या काळात, तांगखुल नागांच्या मुलखातील सांगशाक येथे पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने जपानी सैन्यास अडवून धरले. त्या ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. सांगशाक हातचे गेले, परंतु तेथे खर्ची पडलेल्या दिवसांनी कोहिमाच्या बचावास उसंत मिळाली, असे युद्धेतिहासाचे अभ्यासक मानतात.

आणि या साऱ्यात नागा लोक होते. लढाई त्यांच्या घरादारांवरून गेली. कोहिमाचे मूळ नागा गाव उद्ध्वस्त झाले. वाटाडे, टेहळे, हमाल आणि जखमींना डोंगर उतरवून नेणारे या नात्यांनी नागांनी जे साह्य केले त्याची मुक्तकंठाने दखल चौदाव्या सेनेचे प्रमुख स्लिम यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धस्मृतींत घेतली आहे. ‘कोहिमा’ हे नावदेखील परक्या उच्चाराने घडवलेले आहे. गावाचे स्वतःचे नाव केव्हीरा. ज्या लढाईचा वारसा सांगावयाचा तिचे नावच अपभ्रष्ट आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

३

कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० समाध्या आहेत, आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे तेथील दहनस्मारकावर कोरलेली आहेत. टेनिसच्या मैदानाच्या रेषा सिमेंटमध्ये आखून जतन केलेल्या आहेत. याच आवारात दुसऱ्या डिव्हिजनचे स्मारक आहे. ती एक उंच, उभी, ओबडधोबड शिळा असून तिच्यावर एक प्रसिद्ध इंग्रजी लेख आहे. हा लेख जॉन मॅक्सवेल एडमंड्स या ग्रीक विद्येच्या पंडिताचा समजला जातो. तो मुळात पहिल्या महायुद्धाच्या काळातला आहे, आणि त्याच्यामागे थर्मोपिलीच्या वीरांवर सायमोनिडीसने रचलेल्या ग्रीक समाधिलेखाचा आदर्श आहे, हेही सर्वमान्य आहे.

या लेखाची भाषिक रचना लक्षात घेण्यासारखी आहे. मृत सैनिक समोरून जाणाऱ्या वाटसरूस संबोधतात, आणि घरी परतल्यावर आपला निरोप सांगावा अशी त्यास विनंती करतात. आता ‘घरी परतणारा’ कोण? जो दुरून आला आहे तो. ग्रीक आदर्शात हीच योजना आहे. तेथे निरोप थर्मोपिलीहून स्पार्टाकडे जावयाचा असतो. म्हणजे येथील ‘तू’ हा मायदेशाकडे परत जाणारा प्रवासी आहे. कोहिमातच राहणारा नागा मनुष्य ही शिळा वाचू लागला तर तो या ‘तू’ मध्ये बसत नाही, कारण तो घरीच आहे. त्याने निरोप न्यावयाचा तो कोठे? शिळा त्याच्या अंगणात उभी आहे, परंतु ती त्याच्याशी बोलत नाही.

या ठिकाणी मराठी भाषा एक उपयुक्त साधन पुरवते. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. पहिले श्रोत्यास वगळते, दुसरे त्यास सामावून घेते. हा भेद आपल्याकडे द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून दृढ झाला असे मानतात. इंग्रजी शिलालेखातील सर्वनाम मराठीत आणावयाचे झाल्यास ‘आम्ही’ हेच आणावे लागेल. मृत आणि जिवंत यांच्यात भेद करणारे ते सर्वनाम आहे, म्हणून ते तसे असणे स्वाभाविकच होय. परंतु कोहिमात या ‘आम्ही’ मधून दुहेरी वगळणूक घडते. जिवंत वाचक तर बाहेर राहतोच, पण ज्यांच्या गावात ही माणसे पडली ते लोकही वाक्याच्या बाहेर राहतात.

आता शिळेकडे पाहू, कारण शिळा हीसुद्धा एक खूण आहे, आणि तिचे व्याकरण इंग्रजी नाही. उभ्या महापाषाणांची परंपरा अंगामी नागांत जुनी आहे. त्यांच्या पद्धतीत ज्याच्याजवळ धनधान्य आहे तो ते साठवून मोठा होत नसे. तो साऱ्या गावाला भोजने घालत असे, आणि ही सन्मानभोजने यथाविधि पार पाडली म्हणजे त्यास शिळा उभारण्याचा अधिकार प्राप्त होई. मग सगळे गाव मिळून ती शिळा ओढून आणी. यावरून या खुणेचा अर्थ उघड आहे. शिळा म्हणजे दिल्याची साक्ष. आधी दान, मग दगड, असा तिचा क्रम आहे.

दुसऱ्या डिव्हिजनच्या स्मारकाचे रूप या महापाषाणांशी मिळतेजुळते आहे. नागा दृष्टीने ही शिळा वाचली तर तिच्यातून एक प्रश्न उपस्थित होतो : ज्यांनी हा दगड उभा केला त्यांनी गावाला काय दिले? लढाईत प्राण दिले, हे उत्तर खरे आहे. तथापि गाव जळाले आणि शेते उखडली गेली, हेही तितकेच खरे आहे. इंग्रजी लेख त्यागाची भाषा बोलतो. ज्या दगडावर तो कोरला आहे तो दगड मात्र परतफेडीची भाषा बोलतो. एकाच स्मारकात या दोन भाषा साठ वर्षे शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांची गाठ पडली नव्हती.

४

माजी सैनिकांचे न्यास सामान्यतः तीन कामे करतात. पलटणीचे वस्तुसंग्रहालय चालवणे, समाध्यांची व स्मारकांची निगा राखणे, आणि वृद्ध सैनिकांना व त्यांच्या विधवांना साह्य करणे. या तिन्ही कामांत लाभाचा मानकरी पलटणीचाच कोणी असतो. दुसऱ्या डिव्हिजनची स्मृतीही या मार्गाने राखली गेली आहे. यॉर्क येथील लष्करी छावणीत कोहिमा संग्रहालय आहे, आणि त्या छावणीचे नावच इंफाळ बराकी असे आहे. यात गैर काहीच नाही. परंतु ही सारी स्मृती ‘आम्ही’ची आहे.

कोहिमा एज्युकेशनल ट्रस्टच्या संस्थापकांनी ही चाकोरी सोडली. त्यांच्यात प्रमुख होते गॉर्डन ग्रॅहम. ते कोहिमा येथे कॅमेरन हायलँडर्स पलटणीतून लढले, पुढे ग्रंथप्रकाशनाच्या व्यवसायात नावारूपास आले, आणि २०१५ मध्ये निधन पावले. गॅरिसन टेकडीवरील झाडांच्या कोवळेपणाचा निर्देश करणारे शीर्षक असलेले त्यांचे पुस्तक २००५ मध्ये निघाले. तोफांनी त्या टेकडीवरील झाडे समूळ गेली होती. आज दिसणारी सारी युद्धानंतरची आहेत.

या न्यासाचे मुख्य कार्य म्हणजे होतकरू पण साधनहीन नागा मुलांना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणे. कोहिमा येथे ‘कोहिमा एज्युकेशनल सोसायटी’ ही तिची भगिनीसंस्था आहे, आणि प्रत्यक्ष काम नागा मंडळींच्या या संस्थेमार्फत चालते. याखेरीज नागा लेखकांसाठी ग्रॅहम यांच्या नावाने एक साहित्य-पारितोषिक ठेवण्यात आले आहे. युद्धात नागांनी केलेल्या साह्याची ही उतराई होय, अशी न्यासाची भूमिका आहे.

‘उतराई’ हा शब्द येथे सहेतुक योजिला आहे. स्मृती आणि ऋण या दोन कल्पनांत एक महत्त्वाचा भेद आहे. स्मृती ज्याची त्याच्याबरोबर जाते. मुलाला बापाच्या आठवणी ऐकता येतात, पण आठवता येत नाहीत. ऋणाचे तसे नाही. ते वारसाकडे जाते. म्हणून जी संस्था केवळ स्मृतीवर उभी असते ती शेवटच्या सैनिकाबरोबर निराधार होते, आणि जी ऋणावर उभी असते तिला वारस मिळू शकतो. दुसऱ्या डिव्हिजनच्या बाबतीत हा भेद तात्त्विक राहिलेला नाही. लढाईस आज ऐंशीहून अधिक वर्षे झाली. ज्या डिव्हिजनचा हा वारसा ती डिव्हिजनही २०१२ मध्ये विसर्जित झाली. आता वारसा आहे, आणि ज्याचा तो वारसा ते सैन्यदळ नाही.

आपल्या परंपरेतील ऋणत्रयाची कल्पना येथे आठवल्यावाचून राहत नाही. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी व पितर यांची ऋणे सांगितली आहेत, आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फिटते असे म्हटले आहे. शिक्षण हे फेडीचे साधन मानण्याची कल्पना आपणांस परकी नाही. या न्यासाच्या योजनेत फरक एवढाच, की ऋणको स्वतः शिकत नाही, धनकोच्या मुलांना शिकवतो.

‘न्यास’ या शब्दाचाही विचार करावयास हवा. ‘नि’ हा उपसर्ग आणि फेकणे, टाकणे या अर्थाचा ‘अस्’ हा धातू यांपासून तो बनला आहे. त्याचा अर्थ खाली ठेवणे, सोपवून ठेवणे. धर्मशास्त्रात याचित, अन्वाहित, निक्षेप या ठेवींच्या प्रकारांबरोबर न्यासाचा उल्लेख येतो. न्यास म्हणजे दुसऱ्याची आपल्याकडे असलेली ठेव. जवळ असूनही जी आपली नाही, आणि मागताच जी परत द्यावी लागते, ती. पलटणीचा वारसा ही पलटणीची मालमत्ता मानणे निराळे, आणि तो न्यास मानणे निराळे. दुसऱ्या अर्थी घेतल्यास ठेवीचा धनी कोण, हा प्रश्न टळत नाही. कोहिमाच्या लढाईची आठवण ही काही अंशी नागांची ठेव आहे, हे या माजी सैनिकांनी कृतीने मान्य केले. नागा शिळेच्या व्याकरणात सांगावयाचे तर, येथे आधी दगड उभा राहिला आणि भोजन साठ वर्षांनी घातले गेले.

एवढा विलंब का लागला, याची कारणे अनेक असतील. त्यांपैकी एक उघड आहे. युद्धानंतर काही वर्षांतच नागा टेकड्या दुसऱ्या संघर्षात सापडल्या. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले, तरी तो शमला नाही, आणि परदेशी प्रवाशास परवान्यावाचून तेथे जाणे अनेक दशके अशक्य होते.

५

येथपर्यंत न्यासाची जमेची बाजू पाहिली. आता दोन अडचणींचा निर्देश करणे प्राप्त आहे.

पहिली अडचण अशी, की ‘आपण’ची कक्षा कोठपर्यंत न्यावयाची? १९४४ च्या त्या चढाईत जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या. मराठी वाचकाच्या मनात या सेनेस आदराचे स्थान आहे, आणि सांगशाकच्या मराठा जवानांसही ते असावयास हवे. नागांमध्येही सारेच ब्रिटिशांच्या बाजूचे नव्हते. पुढे नागा स्वातंत्र्याच्या चळवळीचे नेते झालेले फिझो त्या वेळी ब्रह्मदेशात जपानी पक्षाबरोबर होते. कोणत्याही एका सैन्यदळाचा वारसा जपणाऱ्या संस्थेस ही सगळी स्मृती पेलवणार नाही, आणि तिने ती पेलावी अशी अपेक्षाही रास्त नाही. मात्र एका डिव्हिजनचा वारसा म्हणजे त्या लढाईचा समग्र वारसा नव्हे, ही मर्यादा अभ्यासकाने नजरेआड होऊ देऊ नये.

दुसरी अडचण आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. कोहिमाच्या लढाईचे लिखित वाङ्मय प्रामुख्याने इंग्रजीत आहे : पलटणींचे इतिहास, सेनानींच्या आठवणी, रोजनिश्या. नागांची साक्ष मुख्यतः मौखिक आहे, आणि ती अंगामी, तांगखुल, झेमी अशा भाषांत सांगितली गेली. कोहिमा परिसराच्या अंगामी बोलीवर आधारलेल्या तेन्यीदी या भाषेला रोमन लिपी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांनी दिली. वेगवेगळ्या जमातींचे लोक एकमेकांशी नागामीजमध्ये बोलतात. असमियाच्या आधाराने घडलेल्या या संपर्कभाषेचे वर्णन म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातर्फे म. व. श्रीधर यांनी १९७४ मध्ये केले. आणि राज्याची राजभाषा १९६७ पासून इंग्रजी आहे. तेव्हा शिष्यवृत्तीच्या आधाराने वर जाणारा मुलगा इंग्रजीच्या जिन्यानेच वर जातो. त्याच्या आजीने युद्ध ज्या भाषेत सांगितले ती भाषा त्या जिन्याच्या पायथ्याशी राहते. ऋण फेडताना ठेवीचा काही भाग असा नकळत हरवण्याचा संभव आहे.

यात दोष कोणाचा नाही. आपल्याकडेही हेच चालले आहे. परंतु हानी कोणत्या जातीची आहे हे भाषाभ्यासकाने सांगितले पाहिजे. मराठीतील ‘म्हणे’ हा छोटा शब्द घ्या. ‘जपानी आले’ आणि ‘जपानी आले म्हणे’ या दोन वाक्यांत पाहिलेले आणि ऐकलेले यांचा भेद आहे, आणि साक्षीच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. अनेक तिबेटी-ब्रह्मी भाषांत ज्ञानाचा उगम दर्शविणारी अशी साधने याहून सूक्ष्म आहेत. अशी साक्ष थेट इंग्रजीत उतरवून घेतली, की ‘मी पाहिले’, ‘मला सांगितले’ आणि ‘गावात असे म्हणतात’ हे तीन स्तर एका सपाट भूतकाळात विरघळून जातात. मग इतिहासकार ती साक्ष अविश्वसनीय ठरवतो, आणि तिला तसे करणारा अनुवाद असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

ईस्टरिन कीरे यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मारी’ या कादंबरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. लढाईच्या वेळी तरुण असलेल्या आपल्या मावशीच्या अनुभवांवर आधारलेली ही कादंबरी इंग्रजीतच आहे. तरीही तिच्यात कोहिमा ही रणभूमी नसून घर आहे. शिलालेखातील वाटसरूस परतून जाण्यासाठी जे ‘घर’ आहे, त्याच्या नेमके उलट टोकाचे हे घर आहे. शिळेने ज्याला संबोधिले नाही, तो येथे स्वतः बोलू लागला आहे.

६

या विवेचनाचा निष्कर्ष असा. युद्धातील एखाद्या दळाचा वारसा जपणारी संस्था किती समाध्या राखते वा किती वस्तू संग्रहित करते, यावरून तिचे मोल पुरतेपणी ठरत नाही. तिच्या बोलण्यातील सर्वनाम कोणते आहे हे पाहिले पाहिजे. कोहिमाच्या शिळेवर ‘आम्ही’ आहे, आणि मृतांच्या तोंडी दुसरे काही शोभलेही नसते. जिवंत राहिलेल्यांनी त्या ‘आम्ही’पासून ‘आपण’कडे जे पाऊल टाकले ते न्यासाच्या रूपाने. ते उशिरा पडले, आणि अपुरेही आहे. परंतु त्याची दिशा योग्य आहे.

उरलेले काम आपल्यासारख्यांचे आहे. ज्यांनी लढाई पाहिली असे नागा वृद्ध आता विरळा. त्यांच्याकडून ऐकलेली पिढी मात्र हयात आहे. ती साक्ष मूळ भाषेत ध्वनिमुद्रित करणे, शब्दशः उतरवणे, आणि ‘म्हणे’सारख्या खुणा राखून तिचा अनुवाद करणे, हे काम नागा भाषांच्या अभ्यासकांचे आहे, आणि तेन्यीदीचे अध्ययन-अध्यापन जेथे विद्यापीठ पातळीवर चालते त्या नागालँडमध्ये त्यासाठी लागणारे मनुष्यबळ आहे. आपल्यापुरते काम याहून जवळ आहे. सांगशाक येथे लढलेल्या मराठा बटालियनमधील जवान ज्या गावांतून गेले त्या गावांत ब्रह्मदेशच्या लढाईच्या कथा कोणत्या बोलीत, कोणत्या शब्दांत आणि किती ‘म्हणे’ लावून सांगितल्या जातात, हा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगा प्रबंधविषय आहे. त्या घरांतही एक न्यास ठेवलेला आहे, आणि तो अद्याप कोणी मागितलेला नाही.